पाचवा उद्गार पाटोळ्यांचा

एक काळं बी. कलिंगडाचं. एका माणसाच्या दाढीत अडकलेलं.

नदीच्या दरडीवर एक कबर, अर्धी हवेत. खाली पोकळ, वर सिमेंटचा क्रूस. पुढं झुकलेला, खाली काय चाललंय ते वाकून बघावं तसा.

"कंपाउंडर आले, बाटली हलवून घ्या!" बाबा दिसले की पोरं लांबून ओरडायची. बाबा हसायचे.

आमच्या मंडळीत क्षमा गायकवाडांकडे होती. सुखलोक साळव्यांकडे. तहान पाटोळ्यांकडे. आमच्याकडे त्याग.

मेलेल्या माणसाचे डोळे आपोआप मिटत नाहीत.

घर बांधणारा माणूस वाळू कुठून आली हे विचारत नाही.

*

पाळकसाहेब ओट्याच्या पायरीवरच थांबले. चप्पल काढावी की नाही, अशा विचारात.

"कंपाउंडर, यंदा चौथा मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही नुसते येऊन बसा. नाही आलात तरी चालेल. मंडळी समजून घेईल."

बाबा खुर्चीत बसून होते. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. तो सुलट करून घाला असं सांगायची आमच्यापैकी कोणाला हिंमत नव्हती.

"चौथा उजागऱ्यांचा आहे," बाबा म्हणाले.

"आहेच हो. कोण नाही म्हणतंय?"

"मग झालं."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेक माणूस बोलतो. बाकीच्या गावांत पाळक दर वर्षी माणसं नेमतात. आमच्याकडे तसं नव्हतं. आमच्या पहिल्या पाळकांनी सात घराण्यांना सात उद्गार वाटून दिले होते, आणि ते शेतीसारखे बापाकडून मुलाकडे येत गेले. "हे बापा, त्यांना क्षमा कर" हे गायकवाडांचं. "पूर्ण झाले आहे" हे ओहोळांचं, ओहोळ आजोबा त्यावर सगळ्यात जास्त वेळ बोलायचे, आणि मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायची, "कधी होणार पूर्ण?" आणि चौथा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा आमचा. आजोबांनंतर बाबांचा. बाबांनंतर तो माझ्या भावाचा, तिमूचा व्हायचा होता.

बाबा दर वर्षी त्यावर तेच सांगायचे. मिशन दवाखान्यात ते कंपाउंडर होते तेव्हाची गोष्ट. लहान पोराला सुई द्यायची वेळ आली की बाप तोंड फिरवून भिंतीकडे बघायचा. त्याला बघवायचं नाही. पोर ओरडायचं. "पण मंडळी," इथं बाबा बोट वर करायचे, "त्या बापानं पोराचा हात कधी सोडला का? तोंड फिरवलं. हात नाही सोडला. त्याग असा असतो." हे ऐकून ऐकून आम्हां भावंडांना पाठ झालं होतं. तिमू दुसऱ्या बाकावर बसून, ओठ हलवत, बोट वर करून, बाबांच्या बरोबरीनं ते सगळं मुक्यानं म्हणायचा. मला हसू आवरायचं नाही. आई मला चिमटा काढायची. त्याला कधीच नाही.

पाळकसाहेब अजून पायरीवरच होते.

"एस्तेर, तू तरी सांग बाबांना," ते मला म्हणाले.

मी काय सांगणार? मी तेव्हा मिरजेला नर्सिंग करत होते, तिमूच्या मातीसाठी आले होते आणि परत गेले नव्हते.

आतून आई आली. दाराला टेकून उभी राहिली. तिनं पाळकसाहेबांना सलाम केला नाही. तिमूला माती दिल्यापासून तिनं कोणालाच सलाम केला नव्हता.

"पाळकसाहेब, एक विचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"त्याच्याजवळ कोण होतं?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. गावात कोणालाच नवा नव्हता.

"देव होता, वहिनी. देव तिथंच होता."

"देवाचं नंतर बघू," आई म्हणाली. "माणूस कोण होतं ते सांगा."

*

तिमू नदीत मेला. नदीत म्हणजे पाण्यात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या नदीत पाणी नसतंच. वाळू असते. ती वाळू रोज पहाटे डंपरमधून जायची. उपसता उपसता खड्डे काठापर्यंत आले. काठावर आमचं कबरस्तान. पावसाळ्यात भिंत पडली, मग दरड सुटायला लागली, मग साळव्यांच्या आजीची कबर अर्धी हवेत आली. तलाठ्याला सांगून झालं, तहसिलात जाऊन झालं. डंपरचा मालक बाहेरगावचा, मोठा माणूस. त्यानं गाडीवाल्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, कोणी आडवं आलं तर गाडी थांबवायची नाही, आडवं येणारा आपोआप बाजूला होतो.

तिमू आडवा जायचा. रोज पहाटे उठून नदीच्या उतारावर जाऊन उभा राहायचा. कधी गाड्या परत फिरायच्या, कधी त्याला ढकलून जायच्या. आई म्हणायची, "मेलेल्यांसाठी कशाला मरतोस?" तो म्हणायचा, "आई, तिथं तुझी आईपण आहे ना गं. ती वाळूत पडली तर तूच मला विचारशील, कुठं होतास."

त्या दिवशी तो परत आला नाही. उन्हं वर आली तेव्हा मंडळीतल्या लोकांना तो उतारावर सापडला.

आडवा पडलेला होता, पण वेडावाकडा नव्हता. हेच ते. कमरेखाली बघवत नव्हतं, पण वर सगळं नीट होतं. हात छातीवर. एकावर एक. डोळे मिटलेले. दाढीत एक काळं बी.

"आपोआप होतं तसं," हवालदार म्हणाला. अज्ञात वाहन, असं त्यानं तोंडानंच म्हटलं आणि मोटारसायकलला किक मारली.

बाबांनी आयुष्यभर मेलेली माणसं बघितली होती. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"नाही. आपोआप नाही मिटत. कोणीतरी मिटावे लागतात."

त्या क्षणापासून आईचं जगणं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. कोणी मारलं, हे ती विचारत नव्हती. का मारलं, हेही नाही. कोण होतं? पोरगं एकटं होतं की नव्हतं? कोणी होतं तर पुढं का येत नाही? आणि कोणी नव्हतं तर डोळे कोणी मिटले? जो कोणी भेटायला येई त्याला ती हे विचारी. भाजीवाल्याला विचारी. एकदा मी तिला कोंबड्यांपुढं दाणे टाकताना तेच बोलताना ऐकलं.

"ते कळेपर्यंत मी चर्चची पायरी चढणार नाही," ती बाबांना म्हणाली. "तुमचा देव तोंड फिरवून उभा होता ना? हात कोणाच्या हातात होता, ते सांगा. मग येते."

ते बाबांचंच प्रवचन होतं.

*

पाळकसाहेब पायरीवर उभे होते तेव्हाच शलोमी मावशी आल्या. हातात दुरडी, वर फडकं.

दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, शेजाऱ्यांनी भाकरी आणायची, ही आमच्याकडची रीत. चार दिवस सगळे आणतात, मग एकेक जण गळतो. शलोमी मावशी गळल्या नव्हत्या. रोज यायच्या. पाटोळ्यांच्या त्या, नवरा दोन उन्हाळ्यांपूर्वी गेलेला. नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी करायच्या आणि बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला ढीग लावून विकायच्या. मुलगा जेकब. तिमूच्याच वर्गातला. मातीच्या आदल्याच दिवशी तो कामाला म्हणून पुण्याला गेला होता.

मावशी दुरडी ठेवायच्या, भिंतीशी बसायच्या. आई विचारायची, "शलोमी, तुझी वाडी तिथंच ना गं? तुला काही दिसलं का?" मावशी मान हलवायच्या आणि उठून जायच्या. रिकामी दुरडी न्यायलाही विसरायच्या.

"बरं झालं भेटलात," पाळकसाहेब त्यांना म्हणाले. "पाचवा उद्गार. जेकब येतोय ना शुक्रवारी?"

"न्हाई."

"सुट्टी नाही?"

"न्हाई म्हनला."

"मग तुम्हीच बोला. पाटोळ्यांच्या घरात आता तुम्हीच आहात."

मावशींचा चेहरा एकदम उतरला. "बायामानसानं कुटं बोलायचं, पाळकसाहेब? आजवर कोन बोललंय?"

"नाही बोललं म्हणून काय झालं? क्रुसाखाली शेवटपर्यंत बायकाच उभ्या होत्या. पुरुष सगळे पळाले होते."

"दुसऱ्या कोनाला द्या."

"कंपाउंडरना म्हटलं तर ते म्हणतात, चौथा उजागऱ्यांचा. ते पोर मातीत घालून उभे राहणार, आणि तुम्ही धडधाकट असून नाही म्हणता?" पाळकसाहेब हे मायेनंच बोलले. तेवढ्यात बाबांनी मान वर करून मावशींकडे बघितलं. "बोल गं शलोमी," ते म्हणाले. "तुझा नवरा छान बोलायचा. विहिरीची गोष्ट सांगायचा."

मावशी दुरडी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. मग खाली ठेवली आणि गेल्या.

*

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे घंटा वाजत नाही. लोक पांढरे कपडे घालून गुपचूप येतात. तीनपर्यंत पोटात अन्न नाही, पाणीही नाही. त्या वर्षी ऊन असं होतं की चर्चच्या पत्र्याचा कडकड आवाज यायचा.

आई आली. पण आत नाही. बाहेर पायरीखाली, कडुलिंबाच्या बुंध्याशी बसली. दार उघडं होतं, आतलं सगळं तिथं ऐकू जात होतं. मी बाबांशेजारी दुसऱ्या बाकावर. तिमूची जागा कोणी घेतली नाही.

पहिला उद्गार. गायकवाड काका उभे राहिले. "हे बापा, त्यांना क्षमा कर." एवढं म्हणून त्यांची नजर आमच्याकडे गेली आणि पुढचं सगळं त्यांनी खिडकीकडे बघत, भरभर, पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. दुसरा झाला. तिसरा, प्रभू क्रुसावरून आईला म्हणतो, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा." तो जगतापांचा. जगतापांनी आवाज इतका खाली आणला की तिसऱ्या बाकापलीकडे पोचला नसता. दाराबाहेर तर नाहीच. सगळ्यांना कळलं ते असं का करतायत. गीत झालं.

बाबा उठले.

चालत पुढं गेले. पवित्र शास्त्र उघडलं, पण त्यात बघितलं नाही.

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

थांबले. मंडळी वाट बघत होती. दवाखाना, सुई, भिंतीकडे तोंड फिरवलेला बाप. बाबांनी बोट वर केलं. खरंच केलं, सवयीनं. आणि त्या बोटाकडे असं बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे.

"पुढचं तुम्हाला पाठ आहे," ते म्हणाले. "दर वर्षी मी सांगतो. त्या बापानं हात सोडला नाही म्हणून. मी बघितलेलं आहे ते, खोटं नाही. पण तिमूचा हात... त्याच्या आईनं मला विचारलंय, आणि मला माहीत नाही. माहीत नसताना इथं उभं राहून मी होतं म्हणू शकत नाही. माझ्याकडे या वर्षी एवढा प्रश्नच आहे. उत्तर नाही. कोणाकडे असलं तर द्या. प्रभूनं पण विचारलं होतं, त्याला कोणी दिलं नाही."

ते परत येऊन बसले. बाक करकरलं. पेटीवाल्यानं गीताचा सूर धरला, पण कोणी गायलं नाही, म्हणून त्यानं तो सोडून दिला.

"पाचवा उद्गार," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "पाटोळे."

*

शलोमी मावशी मागच्या बाकावरून उठल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. हातात काही नव्हतं. वेदीपुढं जाऊन पदर डोक्यावर ओढला.

"मला तहान लागली आहे," त्या म्हणाल्या. अगदी घरात बोलावं तशा. "ह्यो शब्द माझ्या मालकाचा. त्येंच्यामागं जेकबचा. जेकब हितं न्हाई, म्हून मी. मला प्रवचन येत न्हाई. मी जे झालं ते सांगते."

ओहोळ आजोबा कानाला हात लावून पुढं झुकले.

"तिमूबी हेच म्हनला. मावशी, पानी."

पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. माझ्या हातावर बाबांचा हात पडला. इतका जड.

"म्या वाडीत गेले व्हते, कलिंगडं तोडायला. नीट उजाडलं नव्हतं. तिमू उतारावर मधोमध उभा, हात असा वर केलेला. गाडी आली. तिमूला वाटलं थांबल. गाडीवाल्याला वाटलं हटल. कोन थांबलं न्हाई, कोन हटलं न्हाई." त्यांनी श्वास घेतला. "गाडीवर माझा जेकब व्हता."

मागं कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"त्यानं बघितलं व्हतं तिमूला. वेदीपुढं उभी हाय, खोटं बोलनार न्हाई. बघितलं व्हतं. खाली उतरला, बघितलं, आन् पळत सुटला. मी त्याला हाक मारली न्हाई. दोघांतल्या एकाकडंच जाता येत व्हतं मला. मी तिमूकडं गेले. डोकं मांडीवर घेतलं. पानी म्हनला. आता पानी कुठलं? नदीत पानी न्हाई, कळशी लांब खोपीत. उठावं तर त्यानं माझा हात धरलेला. सोडंना. जोर कुठला, पर सोडंना. मग येका हातानं कलिंगड घेतलं, दगडावर आपटलं. गर त्याच्या व्हटावर पिळला. खाल्ला त्यानं. मग म्हनला, मावशी, तुमचे वेल तुडवले वो गाडीनं. आसं म्हनला. मग काई म्हनला न्हाई."

त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

"तिथं व्हते तवर मी तिमूची व्हते. घरी आले आन् पुन्ना जेकबची झाले. म्हून बोलले न्हाई. भाकरी घेऊन जायची, आज सांगीन म्हनायची, आन् परत यायची."

दारात सावली पडली.

आई आत आली होती. अनवाणी. मधल्या वाटेनं चालत ती पुढं गेली, आणि दोन्ही बाजूंची माणसं बाकांत मागं सरकली. मधे जागा भरपूर होती तरी. ती शलोमी मावशींसमोर जाऊन उभी राहिली. पाळकसाहेब अर्धे उठले. बाबांनी त्यांना हातानं बसवलं.

"किती खाल्लं त्यानं?" आईनं विचारलं.

"दोन घास, वहिनी. दुसरा गिळला का न्हाई, म्हाईत न्हाई."

"गोड होतं?"

"व्हय. पहिला तोडा व्हता. गोड व्हतं."

आईनं मान हलवली. मी आईला आयुष्यात कितीदा तरी असं विचारताना ऐकलं होतं. वसतिगृहातून घरी आल्यावर, लग्नाला जाऊन आल्यावर. काय होतं जेवायला? पोटभर जेवलास का? तोच आवाज.

"डोळे?"

"म्याच मिटले."

"रोज विचारलं मी तुला."

"व्हय, वहिनी."

"रोज माझ्या दारात बसून भाकरी वाढलीस."

"व्हय."

आईनं हात उचलला. ती मारणार असं सगळ्यांना वाटलं. मावशींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि गाल पुढं केला. आईनं त्यांचा उजवा हात धरला. उलटा करून तळवा बघितला.

"हाच?"

"न्हाई," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "उजव्यानं कलिंगड फोडलं. त्यानं डावा धरला व्हता."

आईनं उजवा सोडला. डावा घेतला. दोन्ही हातांत धरला, मग गालाला लावला, आणि तशीच उभी राहिली. रडली नाही. तो हात सोडवून घ्यायचा प्रयत्न मावशींनी केला नाही.

पत्रा कडकडत होता. शेवटी ओहोळ आजोबा काठी टेकत आपल्या जागेवरच उभे राहिले. वेदीपर्यंत गेलेच नाहीत. "पूर्ण झाले आहे," एवढंच म्हणाले, आणि बसले.

*

तीन वाजल्यानंतरही कोणी पाणी प्यायलं नाही. बाबा आणि शलोमी मावशी तसेच पोलीस ठाण्यात गेले. बाबा पुढं, मावशी मागं, उन्हात. मी छत्री घेऊन धावले तर बाबा म्हणाले, "तिला दे."

जेकबला पुण्याहून आणलं. मावशींनी कोर्टातही तेच सांगितलं, तेवढंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, हा तुमचाच मुलगा ना? त्या म्हणाल्या, "व्हय, माझाच." जेकबनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तुरुंगात त्या भेटायला जायच्या तेव्हाही तो बऱ्याचदा बाहेर यायचा नाही. त्या फाटकाशी बसून परत यायच्या. डंपरच्या मालकाचं नाव कुठंच आलं नाही. एक उन्हाळा गाड्या बंद राहिल्या. मग नदीच्या खालच्या अंगाला सुरू झाल्या.

आईनं क्षमा केली का, हे लोक मला अजून विचारतात. नाही केली. पाळकसाहेबांनी एकदा विषय काढला होता. आई म्हणाली, "पहिला उद्गार गायकवाडांचा. त्यांना विचारा. आमच्याकडे चौथा आहे." शलोमी मावशींच्या घरी ती पुन्हा कधी गेली नाही. चर्चमध्ये मात्र त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसायची. दुसऱ्या कोणी ती जागा घेतली की उभी राहायची, तो माणूस उठेपर्यंत.

पुढच्या उत्तम शुक्रवारी बाबा चौथ्या उद्गाराला उठले. वचन म्हटलं. बोट वर केलं नाही, दवाखाना सांगितला नाही.

"होता," ते म्हणाले. "काही केलं नाही त्यानं. पण होता."

आणि येऊन बसले. मरेपर्यंत दर वर्षी तेवढंच. नवीन आलेल्या एका पाळकांनी त्यांना थोडं वाढवायला सांगितलं तर म्हणाले, "डोस एवढाच आहे."

आता चौथा माझ्याकडे आहे. मिरजेहून सुट्टी काढून जाते. बाबांचं वाक्य म्हणते आणि बसते. म्हणताना दर वेळी मला खात्री नसते. कबरस्तानाला आता दगडी भिंत आहे. आतल्या अंगाला बाबा, आई, तिमू. थोड्या अंतरावर शलोमी मावशी. त्यांच्या मातीला जेकब आला होता. सुटून आलेला, डोक्यावरचे केस गेलेले. तो लांब उभा होता. मी त्याच्याकडे गेले नाही.

तिमू उतारावरून हटला कसा नाही, हे मला पोलिसांनी विचारलं होतं, वकिलांनी विचारलं होतं. गाडी लांबून दिसते तिथं. बाजूला व्हायला जागा होती.

आदल्या संध्याकाळी जेकब आमच्या घरी जेवला होता. तिमूच्याच ताटात.